पार्सल हातात द्यावं

गोदामात त्याला सगळे वहीवाला म्हणायचे. पार्सलं पोचवणाऱ्या माणसाला वही कशाला हवी? पण याच्या खिशात ती कायम असायची. आपण कधी आजारी पडलो तर बदली ड्रायव्हरचे हाल होऊ नयेत, म्हणून कुठल्या घराची घंटा बिघडलीय, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, कुठे रात्रपाळीची नर्स दुपारी झोपलेली असते, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. पोरं चिडवायची, "काय वहीवाले, आमचीपण कुंडली मांडलीय का?" आणि त्याच्या वाटेवर जायची पाळी आली की हीच पोरं मुकाट्याने वही मागायला यायची.

एका सोमवारी साहेबांनी गाड्या भरायच्या आधी सगळ्यांना उभं केलं. साहेब तसा वाईट माणूस नव्हे. त्यालाही वरून कोणीतरी दम भरला असणार. "तुम्ही रोज शंभर दारांत उभे राहता," तो म्हणाला. "आपल्या विक्रीवाल्यांना एक दार उघडून घ्यायला नाकी नऊ येतात. तेव्हा यापुढे प्रत्येकाने आठवड्याला दहा गिऱ्हाइकांची माहिती द्यायची. घरात कोण आहे, कोणाला काय लागेल, एवढंच. ज्याचे दहा भरणार नाहीत, त्याने पुढच्या महिन्यात गाडीची किल्ली मिळेल असं धरून चालू नये."

वहीवाल्याचं वय पंचावन्न. आता दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार? आणि बोलून माणूस पटवणं त्याला बापजन्मी जमलं नव्हतं. एका बाईला त्याने भीतभीत विचारलं, "ताई, तुम्हाला काही विकत घ्यायचंय का?" ती म्हणाली, "घेतलंय की! तुमच्याच हातात आहे, द्या इकडे." शनिवार उजाडला तरी त्याचा कागद कोराच होता.

दुपारी गाडीत बसून त्याने डबा बाजूला सारला आणि वही उघडली. दहा घरं निवडली आणि जशीच्या तशी कागदावर उतरवली. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. खरंच वाटलं नाही हो! जे बदलीवाल्याला सांगतो तेच विक्रीवाल्याला सांगतोय, एवढाच विचार त्या बापड्याने केला. सातवी नोंद मावशींची होती.

मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या बैठ्या घरातली म्हातारी. दर मंगळवारी तिचं इन्सुलिन यायचं, बर्फाच्या डब्यातून. पन्नाशी उलटलेल्या या माणसाला बाळा म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. नोंद अशी होती: 'घंटा ऐकू येत नाही. मागच्या खिडकीवर तीनदा वाजवावं. एकटी असते. गुडघे गेलेत, खाली वाकता येत नाही, पार्सल हातात द्यावं. कोणाला नाही म्हणत नाही. पाणी विचारते, ते प्यावं.'

सोमवारी साहेबांनी तो कागद सगळ्यांसमोर उंच धरला. "याला म्हणतात माहिती! शिका जरा." टाळ्या वाजल्या. किल्ली शाबूत राहिली म्हणून वहीवाल्याचा जीव भांड्यात पडला. लाज वाटायला अजून आठवडा होता.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी त्याने मावशींच्या मागच्या खिडकीवर तीनदा वाजवलं. पडदा हलला, पण खिडकी उघडली नाही.

"मावशी, मी आलोय. औषध आणलंय."

"गेल्या गुरुवारीही असंच वाजवलं होतं," आतून आवाज आला. "मला वाटलं, तूच आलास. धडपडत दार उघडलं. तर कोणीतरी सूटबूटवाला. म्हणाला, तुमचे गुडघे दुखतात ना, मला सगळं माहीत आहे. पाणी मागून प्यायला, दोन तास उठला नाही, शेवटी सही घेऊनच गेला."

पडद्याच्या फटीतून त्याला खोली दिसली. मधोमध मालिश करायची एक अवाढव्य खुर्ची होती, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कॉट आणि स्वयंपाकघर यांच्यामधली सगळी वाट तिने अडवली होती. मावशी वॉकर आडवा करून भिंतीला चिकटून उभी होती.

"त्याला खिडकीचं कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. जीभ उचललीही होती त्याने. "मी सांगितलं, मावशी. चुकलो. माझी अक्कल गहाण पडली होती. खुर्ची परत न्यायला लावतो, साहेबांचे पाय धरतो."

हातातल्या डब्याला घाम सुटला होता. बर्फ वितळायला लागला होता.

"डबा पुढच्या दाराच्या पायरीवर ठेवा," ती म्हणाली, "आणि तुम्ही फाटकाबाहेर जा. तुम्ही गेल्यावर मी घेईन."

तीन वर्षांत तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्याने पायरीवरचा कचरा हाताने झाडला, डबा भिंतीला टेकवून जमेल तितका उंच उभा केला आणि फाटक लावून रस्त्यापलीकडे जाऊन थांबला.

दार उघडलं. आधी वॉकर बाहेर आला, मग मावशी. तिने डाव्या-उजव्या बाजूला नीट पाहून घेतलं. मग एका हाताने चौकट घट्ट धरली आणि दुसरा हात डब्याकडे नेत ती हळूहळू खाली वाकायला लागली.

त्याचा पाय रस्त्यावर पडला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तो पाय मागे घेतला.