लग्नाच्या साडीचं डिझाइन

वडगावातल्या त्या घरात खाली माग खडखडायचे आणि माडीवर रक्षा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायची. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. स्वतःच्या साडीचा पदर तेवढा पुरा करायचा राहिला होता, आणि नेमका आजच प्रोग्रॅम उघडेना. कितीही क्लिक करा, पडदा ढिम्म.

धाकटा भाऊ अमृत शेजारी बसून बघत होता. कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा, आणि ते त्याला तिनंच शिकवलं होतं.

"जुना झालाय कॉम्प्युटर, आक्का. सोड की," तो म्हणाला.

सोडेल ती रक्षा कसली! तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, डिस्क भरली असेल म्हणून जुन्या फायली काढून टाकल्या. शेवटी टर्मिनलची, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून प्रोग्रॅमचं नाव हातानं टाइप केलं, म्हणजे बिघाड तरी कळेल. एका ओळीत उत्तर आलं: परवानगी नाही.

तिनं तपासलं. प्रोग्रॅम जागेवर होता, धडधाकट होता. फक्त तो चालवायचा हक्क आता एकट्या अमृतच्या नावावर होता. डिझाइनांचं फोल्डरही.

"तू केलंस हे? आणि सकाळधरनं माझी गंमत बघत बसलास?"

अमृतनं मान खाली घातली. "आप्पांनी सांगितलं. तुझ्या सासरी बी मागच हायत न्हवं? आपली डिझाइनं तिकडं गेली तर?"

"आपली?" रक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक तरी रेघ तू ओढलीयास व्हय रं?"

"तुझ्या साडीचं तेवढं उघडून देतो की."

रक्षानं खुर्ची मागं सारली.

"नगं. आप्पास्नी सांग, पोरीच्या लग्नाची साडी बाजारातनं आणा म्हणावं."