बाबांना ऐकू आलं

दादा गेला तेव्हा बाबांच्या कानाचं यंत्र त्याच्या टेबलावर तसंच उघडं पडलं होतं. विकतचं एकही यंत्र बाबांना लागू पडेना, म्हणून त्याने ते स्वतः जुळवायला घेतलं होतं. आवाजाची चिप, तिला हाकणारा, यंत्राच्या गाभ्यातल्या प्रणालीतला म्हणजे कर्नलमधला कोड, सगळं त्याचंच. वाटेत एक ट्रक आडवा आला आणि काम अर्धवट राहिलं.

त्याची धाकटी बहीणही त्याच धंद्यातली. घरातली वर्दळ ओसरल्यावर ती त्याच्या खुर्चीत बसली.

बॅटरी वाचवायला चिप झोपायची आणि उठताना सगळं विसरून उठायची. म्हणून तिच्या प्रत्येक रजिस्टरमधल्या, म्हणजे आकडा धरून ठेवणाऱ्या कप्प्यातल्या, आकड्याची नक्कल दादाने कर्नलमध्ये एका झाडात, फांद्याफांद्यांच्या मांडणीत, ठेवली होती. रजिस्टरांचे पत्ते विखुरलेले. सलग तक्ता मांडला तर बहुतेक घरं रिकामीच. झाडात हवं तेवढंच मावतं, आणि हे झाड कुठलीच बाजू जड होऊ देत नाही, त्यामुळे शोधणं झटपट. चिप उठली की झाडातलं सगळं तिच्यात परत लिहायचं. पण उठल्यावर बाबांच्या कानात नुसती शिट्टी वाजायची.

तिने कोड ओळ न् ओळ वाचला. मध्येच दादाची टीप: ‘इथे हात लावाल तर याद राखा.’ तिला हसू फुटलं, आणि मग हुंदका आवरेना.

अखेर चूक सापडली. शेजारशेजारची रजिस्टरं दादा एका गाठीत बांधायचा. गाठीच्या सुरुवातीला नवं रजिस्टर घुसलं की बाकीचे आकडे एक घर सरकायचे. गाठीचा पत्ता मात्र जुनाच राहायचा. आवाजाचा आकडा भलत्याच घरी जात होता. एका ओळीचं काम.

दुपारी तिने यंत्र बाबांच्या कानात बसवलं, चिपला झोपवून उठवलं.

“बाबा?”

“बोल,” ते म्हणाले. तिच्या ओठांकडे न बघता.

तिचे डोळे भरून आले. पण बाबांनी मान वळवली होती. स्वयंपाकघरातून आईचं रडणं येत होतं, अगदी गळा काढून. ‘ही बाई दगडाची आहे,’ असं ते भेटायला येणाऱ्यांना कौतुकाने सांगायचे.

“हे रोजचं?”

“रोजचं. तुमच्यासमोर डोळे पुसून येते.”

बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि माघारी फिरले.

“तिला सांग, जमलं नाही. मला ऐकू येतं हे कळलं तर गिळून बसेल बिचारी. मग रडायचं कुठे तिने?”

“आणि कानात हे दिसेल ते?”

“म्हणेन, पोराची आठवण म्हणून घालतो.”

धाकटी आत गेली. आईने घाईघाईने तोंडावर पाणी मारलं.

“काय झालं गं?”

“नाही जमलं, आई.”

आई वाहत्या नळाखाली हात धरून उभी राहिली.

“असू दे. त्याला जमलं असतं.”

“हो,” धाकटी म्हणाली. “त्याला जमलं असतं.”