कोमट केलेले थेंब

सन एकोणीसशे ब्याऐंशी. पौषातली थंडी होती आणि शहराच्या कडेला, जरीपटक्याच्या पलीकडच्या वस्तीत पोलिओचे थेंब पहिल्यांदाच यायचे होते. देवकी सीताबर्डीत ज्या वकिलांकडे पोळ्या लाटायला जायची, त्यांच्या नातीचे सगळे डोस केव्हाच झाले होते. देवकीचा केशव बसायला लागला तरी त्याच्या तोंडात एक थेंब गेला नव्हता. दोन घरांतलं अंतर सायकलने फारसं नव्हतं. पण वकिलांकडे फ्रीज होता, घरचा डॉक्टर होता. वस्तीत वीजसुद्धा आलेली नव्हती.

रंभाबाई ही देवकीची सासू आणि वस्तीची सुईण. मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या ताराचंदची पोरगी तापाने फणफणली आणि उठली ती एक पाय ओढतच. तिची नाळ रंभाबाईनेच कापली होती. तेव्हापासून केशवला न्हाऊ घालताना रंभाबाईची नजर त्याच्या पायांवरून हलत नसे. थेंबांनी हा आजार टळतो असं सरकारी दवाखान्यातल्या नर्स गोपिकाने सांगितल्यावर रंभाबाईच घरोघर फिरली. बायका बिड्या वळणाऱ्या, काम सोडलं की मजुरी बुडालीच. तरी तिच्या शब्दाखातर बहुतेक जणी बुद्धविहाराच्या ओट्यावर जमल्या.

गोपिकाने औषधाचा थर्मास रंभाबाईपुढे ठेवला. "कोणाला हात लावू देऊ नका," असं बजावून ती राहिलेल्या बायकांना बोलवायला मागच्या गल्लीत गेली.

रंभाबाईने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र झाकण काढून पाहिलं आणि आतला बर्फ बघून तिच्या अंगावर काटा आला. जन्मभर तिने तान्ह्या लेकराला गार काही लावलं नव्हतं. मालिशचं तेल असो की घुटी, वाटी आधी गरम पाण्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून पाहायचा, मग लेकरू. ओट्याच्या कोपऱ्यात नर्सबाईसाठी चहाचं आधण उकळत होतं. तिने त्यातलं लोटाभर पाणी घेतलं आणि थेंबांच्या दोन्ही बाटल्या त्यात सोडल्या.

"बाटल्या कुठं आहेत?" गोपिकाने येताच विचारलं.

"हे काय, मस्त कोमट केल्या. एवढ्या थंडीत बर्फाचं पाणी पाजता का वं लेकराईले? छाती भरून जाईन ना."

गोपिकाने बाटल्या लोट्यातून बाहेर काढल्या. "गेलं औषध. आचेनं त्याची ताकद मरते हो. म्हणून तर बर्फात आणलं होतं."

"अजबच हाये," ओट्यावर बसलेले म्हातारे नत्थूजी म्हणाले. "दूध तापवलं त टिकते अन् हे तापवलं त मरते!"

लोक हसले. आपल्या पोराला, गोविंदाला, कडेवर घेतलेली पार्वतीबाई हसली नाही. "मी बिड्यांचं सूप तसंच टाकून आली. आहे ते पाजा अन् मोकळं करा."

"पाजलं तर तुम्हाला वाटेल काम झालं, आणि पोर तसंच राहील," गोपिका म्हणाली. " आता नवीन बाटल्या पुढच्या महिन्यात."

"मग मी नाही येत. अन् रंभाबाई, तू आता मले बोलवाले येजो नको."

घरी आल्यावर देवकी म्हणाली, "वकिलीणबाई म्हणत होत्या, केशवले घेऊन ये, आमचे डॉक्टर पाजून देतील. उद्याच नेते."

रंभाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "नको नेऊ वं. आपला बर्डीले नेला त त्या ओट्यावर कोण येईन? म्हणतील, आमचं औषध नासवलं अन् आपल्या नातवाचं केलं."

"अन् या महिन्यात त्याले काही झालं त?"

देवकीने केशवला नेलं नाही, पण महिनाभर ती सासूशी कामापुरतंच बोलली. एकदा केशवचं अंग तापलं, तेव्हा दोघी त्याचे पाय चाचपत बसल्या. निघाली ती साधी सर्दी.

पुढच्या महिन्यात रंभाबाई स्वतः दवाखान्यात गेली आणि थर्मास मांडीवर घेऊन रिक्षातून आली. ओट्यावर तिने केशवला सगळ्यांसमोर पुढे केलं. गार थेंबाने त्याने तोंड वेडंवाकडं केलं, तसं तिनेही केलं. बायका हसल्या आणि आपापली पोरं घेऊन सरकल्या. पार्वतीबाई आली नाही. रंभाबाई तिच्या दारात गेली, तर तिने कडी लावून घेतली.

त्याच वर्षी पावसाळ्यात तापाने गोविंदाचा डावा पाय गेला.

गोपिकाची पुढे भंडाऱ्याला बदली झाली आणि ती तिथूनच निवृत्त झाली. वकिलांची नात लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिला या गोष्टीतलं काही ठाऊक असायचं कारण नाही. केशव बस चालवायला लागला. देवकी सुनेवर नातवाच्या डोसची तारीख सांगायची वेळ कधी येऊ देत नसे, स्वतःच कडेवर घेऊन निघायची. गोविंदाने जरीपटक्याच्या बाजारात शिलाईचं दुकान टाकलं आणि मशीन हाताने चालवून ते नावारूपाला आणलं.

रंभाबाई हातपाय चालत होते तोवर रोज संध्याकाळी गोविंदाच्या पायाला तेल लावायला जायची. पार्वतीबाई तिच्याशी कधी बोलली नाही. पण रंभाबाई येईपर्यंत तिने तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली असायची.