एकदा नको म्हण

नवरा साहेबराव गेल्यापासून काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांत चिमाबाई आणि तिचा लेक संघर्ष, दोघंच उरली. परभणीकडचा भाऊ धम्मरत्न फोनवर सारखा म्हणायचा, अक्का, ये इकडं, कायमची ये, माझ्या पोरासोरांत राहा. चिमाबाई हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. तिला एवढंच हवं होतं, की लेकानं एकदा तोंडानं म्हणावं, आई, नको जाऊ.

आता हे लेकाच्या कानावर घालायचं कधी? चाकणच्या त्याच्या कंपनीत मोबाईल गेटवरच काढून घेतात, शिफ्ट सुटली की परत देतात. दिवसभराचा उपाशी पोरगा तो! बसमध्ये जे त्यात डोकं खुपसायचा, ते घरात चप्पल काढतानाही वर करायचा नाही. पोरगा वाईट नव्हता हो. पगार आईच्या हातात द्यायचा, तिच्या गोळ्या न सांगता आणायचा. पण ताटात काय वाढलंय विचाराल तर सांगता यायचं नाही. गावाला जायचं तिनं दोनदा काढलं. दोन्ही वेळा "हं" म्हणाला आणि मोबाईलकडं बघून हसला. फार लागलं तिच्या जिवाला. कंपनीत निदान भोंगा होतो, माणसं सुटतात. या मोबाईलवाल्यांनी भोंगा बसवलाच नाही. मेल्यांना पक्कं ठाऊक, भोंगा वाजला तर माणसं घरी जातील.

शेवटी बाईनं डोकं लढवलं. लेक जिथं बघतो, तिथंच जाऊन उभं राहायचं. शेजारची शालनबाई धंद्यासाठी पापड-कुरडयांचे व्हिडिओ टाकायची, तिला गाठलं. चिमाबाईचा हिशेब सरळ होता: ज्याचं नाव घेऊन बोलू, त्याच्याच मोबाईलात ते जाणार. शालनबाई परोपरीनं सांगत होती, तसं नसतं गं, कुणाला काय दाखवायचं ते वरचे ठरवतात. पण ऐकेल ती चिमाबाई कसली! निळं पातळ नेसली, केस चापून बसवले, हात जोडले आणि बोलली, "जयभीम. संघर्ष, मी तुझी आई. मामा बोलावतोय मला. तू नको म्हणालास तर मी न्हाई जायची. एकदा नको म्हण, लेकरा."

चार-सहा दिवसांनी शालनबाई पळतच आली. कुठल्या कुठल्या बायांनी खाली लिहिलं होतं, मावशी, जाऊ नका. कुणी रडकी तोंडं टाकली होती. सांगलीची कोण एक म्हणत होती, माझ्याकडं या राहायला. चिमाबाईनं सगळं तिच्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, माझ्या लेकानं काय लिहिलंय? शालनबाईनं वरपासून खालपर्यंत सगळी नावं परत चाळली, त्यात संघर्ष नव्हता.

त्या दिवशी संघर्ष पहिल्या पाळीवरून आला, कॉटवर टेकला, कानात इअरफोन घातले. चिमाबाई चहा घेऊन शेजारी बसली. त्याचा अंगठा चालूच होता. नाचणारी पोरगी गेली, क्रिकेट गेलं, कुणाचं तरी मांजर गेलं. आणि एकदम निळं पातळ आलं. तिचंच तोंड, तिचेच जोडलेले हात. ओठ हलायला लागले. ती लेकाकडं बघत राहिली. आता ओळखेल. आता मान वळवेल.

अंगठा वर गेला. आई गेली, आणि तिच्या जागी कुणीतरी नवी गाडी धुवत होतं.

रागानं सरकवली असती तरी चाललं असतं की. पण त्यानं ओळखलंच नाही, आणि त्याच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. चिमाबाईनं चहा त्याच्या हाताशी ठेवला, ओट्यापाशी गेली आणि भावाला फोन लावला. सकाळच्या गाडीनं येते म्हणाली. भावानं विचारलं, संघर्षला सांगितलंस का?

तिनं मागं वळून कॉटकडं बघितलं, अंगठा चालूच होता.

"सांगितलं रे," ती म्हणाली. "बघितलं त्यानं. न्हाई अडवलं मला."