चौथ्या सेकंदाला थांबणारे बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. पण सदऱ्याचे नव्हे. मला भोके नाहीत, दोराही नाही. मी संगणकाच्या पडद्यावर, एका प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडवर राहते. माझ्या वरच एक व्हिडिओ आहे. त्यात एक बाई पेला उचलतात आणि सावकाश म्हणतात, "पाणी."

आजारपणात ज्यांची वाचा गेली, अशा माणसांना या बाई पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी एक होते शिंपीकाका. अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. व्हिडिओ मध्येच थांबवून बाईंचे ओठ नीट पाहावेत म्हटले, तर त्यांचा हात थरथरे, माउसची टिचकी भलतीकडे पडे आणि स्लाइडच पुढे पळे. काका मान फिरवून बसत.

म्हणून बाईंनी मला घडवले. हिरवे, ऐसपैस, थरथरत्या हाताचाही नेम चुकणार नाही एवढे. पण नुसत्या रंगाने काय होते? माझ्यामागे हुकुमाच्या ओळी लिहाव्या लागतात. बाईंना कुठले येतेय प्रोग्रॅमिंग! जेवणाच्या सुट्टीत एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने टाइप करत त्या शिकल्या. आधी मला दाबले की व्हिडिओ थांबे, पण पुन्हा दाबले की पहिल्यापासून सुरू! बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला विचारायला शिकवले: व्हिडिओ चालू आहे का? असेल तर थांबव. थांबलेला असेल तर तिथूनच पुढे ने.

"चाललं! अगं बाई, चाललं!" रिकाम्या खोलीत त्या एकट्याच ओरडल्या.

काका मला दाबू लागले. पण गंमत अशी, की ते रोज चौथ्या सेकंदालाच थांबवत आणि टक लावून बघत राहत. त्या क्षणी तर बाईंचे ओठ मिटलेलेच असत! मग हे पाहतात तरी काय? मला काही केल्या चैन पडेना.

"अहो, पुढे चला ना," सोबत येणाऱ्या काकू म्हणत. काका मानेनेच नको म्हणत.

पुढे बाईंच्या दवाखान्यात नवा संगणक आला. तिथल्या कारकुनाने माझी फाइल त्यावर नेताना साध्या प्रकारात साठवली. माझा रंग राहिला, ओळी गळून गेल्या. काका दाबत राहिले आणि मी ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काका आलेच नाहीत.

"उठायलाच तयार नाहीत हो," काकू फोनवर म्हणाल्या. "आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतंय त्यांना."

"एकदाच घेऊन या. बिघडलंय ते बटण, काका नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच दुपारी साऱ्या ओळी पुन्हा लिहायला बसल्या.

काका आले. त्यांनी मला दाबले. व्हिडिओ सुरू. पुन्हा दाबले. चौथा सेकंद! बाई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"काका, काय दिसतंय तुम्हाला?"

काकांनी पडद्यावर बोट टेकवले. मान ताठ झाली, ओठ हलले.

"उ... उस... उसवलंय!"

पेला उचलताना बाईंचा हात वर झाला होता आणि कुडत्याची काखेतली शिवण चांगली बोटभर उसवलेली दिसत होती. काकू हसता हसता रडू लागल्या. "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, तेही दुसऱ्याच्या शिलाईला नावं ठेवायला!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कुडता आणला. काकूंनी सुई ओवून दिली आणि काकांनी डाव्या हाताने वेडेवाकडे सहा टाके घातले. "पाणी" म्हणायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले.

मित्रांनो, फाइल साठवताना आम्हा बटणांच्या ओळी जपा, एवढे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. कोणी एकाच जागी अडून बसले, तर "पुढे चल" म्हणून त्याला ढकलू नका. जरा शेजारी बसा आणि विचारा, तुला काय दिसतंय?