किड्याने लावलेला क्रम

संग्रहालयातून आलेल्या त्या पत्राला मी उत्तर पाठवले नव्हते. लिहायला बसलो नाही असे नाही. रोज बसत होतो. 'स.न.वि.वि.' इथपर्यंत हात छान चालायचा, मग थांबायचा.

पत्र कागददुरुस्ती विभागाच्या बाईंचे होते, आणि अतिशय नम्र होते. जुन्या कथेकऱ्याच्या चित्रांची दुरुस्ती चालू आहे. त्यांतली भोके कीटकतज्ज्ञांनी तपासली. आपण पुस्तकात लावलेला चित्रांचा क्रम आणि किड्यांनी दाखवलेला क्रम सगळीकडे जुळत नाही. एकदा येऊन पाहाल का? आपले मत कळेपर्यंत चित्रे भिंतीवर न लावता खणातच ठेवू.

ही चित्रे म्हणजे जाड कागदांचा एक गठ्ठा. कुणी एक कथेकरी त्यांतले एकेक चित्र लोकांसमोर धरून गोष्ट सांगायचा. चित्रांवर अक्षर नाही, आकडा नाही. कथेकरी गेला, त्याच्याबरोबर गोष्टही गेली. गठ्ठा मात्र आमच्या ग्रंथालयात आला, तोही सुटा, विस्कटलेला. मी तिथे तरुण ग्रंथपाल होतो. महिनोन्‌महिने चित्रे पाहून मी त्यांचा क्रम लावला आणि त्यांवरून गोष्ट लिहिली. एका नावाड्याचे थाटात लग्न होते. मग नवराबायकोत खटके उडतात, घराला आग लागते, ती पाठ फिरवून निघून जाते आणि शेवटी तो नावेत एकटा उरतो. शेवटचे वाक्य होते, 'नदी तेवढी वाहत राहिली.'

या वाक्यावर लोक रडले. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर हात हातात घेऊन तसे सांगितले. बाकी मी जे काही लिहिले त्याचा कुणी उल्लेख करत नाही, आणि तेच योग्य आहे. आयुष्यात लोकांच्या लक्षात राहिलेले माझे एवढे एकच वाक्य. म्हणून ते पत्र वाचले की मी घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवायचो.

"रोज काय लिहितोस रे?" ताईने विचारले. ती माझी थोरली बहीण. आम्ही दोघेच घरात असतो.

मी सांगितले. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे तू एका किड्याला घाबरलास?"

"किड्याला नाही गं. तज्ज्ञ आहेत ती माणसं."

"उद्या जाऊन ये. लिहिता येत नसेल तर चालता तरी येतं ना? आणि तो भोकाभोकांचा स्वेटर घालू नकोस. किड्यांना वाटेल, घरचंच कुणीतरी आलं."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

दुरुस्तीची खोली मोठी आणि उजेडाची होती. खळीचा वास येत होता. लांब टेबलावर टिपकागद, मऊ कुंचले आणि वजनासाठी भरलेल्या कापडी पिशव्या होत्या. कागदाच्या बाईंच्या अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या होत्या. त्या आणि रसायनशास्त्रज्ञ गृहस्थ यांची कशावरून तरी जुंपली होती.

"तुमच्या बाटल्या माझ्या कागदापासून लांब ठेवा, किती वेळा सांगू?"

"त्या बाटल्यांमुळेच तुमचा कागद अंघोळ केल्यासारखा दिसतोय, बाई."

मी नाव सांगताच दोघे भांडण सोडून माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले, उलट पावली परतावे. तेवढ्यात कीटकतज्ज्ञ समोर आल्या. मी कुणी पोक्त, गंभीर माणूस मनाशी धरला होता. ही तर नातीच्या वयाची हसरी मुलगी. तिच्या हातात काचेची छोटी कुपी होती आणि कुपीत तिळाएवढा मेलेला किडा.

"सर, हा आमचा साक्षीदार," ती म्हणाली. "याच्या खापरखापरपणजोबांनी कथेकऱ्याच्या घरीच तुमची चित्रं खाल्लीत. सगळं खानदानच खाऊन पिऊन सुखी दिसतंय."

तिने प्रत्येक चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर भोके गिरवली होती. "किडा गठ्ठ्यात बोगदा खणतो," ती समजावू लागली. "एका चित्रातून बाहेर पडला की शेजारच्या चित्रात शिरतो. म्हणून शेजाऱ्यांची भोकं जुळतात." तिने पाच पारदर्शक कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. मी डोळा लावला. पाचही कागदांतून उजेडाचा एकच बारीक ठिपका आरपार आला. मला इतका आनंद झाला की मी कशाला आलो होतो तेच क्षणभर विसरलो.

"आणि माझा क्रम?" मी शेवटी विचारले.

"एकच चित्र चुकलंय, सर! आगीचं. तुम्ही ते भांडणानंतर घेतलंय, किडा म्हणतो ते लग्नाच्या चित्राला चिकटून होतं. बाकी सगळं तुमचं बरोबर."

माझा जीव भांड्यात पडला. लग्न झाल्या झाल्या आग! असू दे, आगीला काय मुहूर्त लागतो? एक परिच्छेद इकडचा तिकडे केला की काम भागले.

"फक्त एक गोष्ट तो सांगत नाही," ती कुपी हलवत म्हणाली. "गठ्ठ्याचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं. कुठून शिरला ते त्यालाच ठाऊक."

"ते सरांनी कधीच ठरवून दिलंय की," कागदाच्या बाई म्हणाल्या. "लग्नापासून सुरुवात. फलकसुद्धा तयार आहे." त्यांनी दाखवला. त्यावर ठळक अक्षरांत माझेच वाक्य होते. मी लाजून टेबलाकडे पाहू लागलो.

टेबलावर लग्न आणि आग ही चित्रे शेजारी शेजारी होती. त्यांना असे मी कधीच पाहिले नव्हते. आगीच्या चित्रात नावाडी आपल्या बायकोला दारातून बाहेर काढत होता आणि त्याच्या डाव्या बाहीवर, कोपराशी, काळे होते.

"हा डाग पुसायचा राहिला का हो?" मी रसायनशास्त्रज्ञांना विचारले.

"डाग नाही तो. काजळी होती तेवढी सगळी निघाली. हा चित्रकाराचा रंग आहे, मुद्दाम लावलेला. बाही जळलीय त्याची."

मी लग्नाच्या चित्राकडे पाहिले. तीच बाही, तेच कोपर, आणि तिथे निळे चौकोनी ठिगळ. ते ठिगळ मला चांगले माहीत होते. त्यावर मी पुस्तकात अर्धे पान खर्च केले होते. 'सुखाच्या क्षणीही चित्रकार दारिद्र्याची आठवण ठेवतो' वगैरे.

बाही आधी जळणार, मग तिला ठिगळ लागणार. म्हणजे आग आधी, लग्न नंतर. आणि लग्न गठ्ठ्याच्या टोकाला, म्हणजे ते सगळ्यांच्या शेवटी.

कुणाच्याच लक्षात आले नव्हते. बाई आणि गृहस्थ पुन्हा बाटल्यांवरून भांडत होते.

"मग सर, लग्नापासूनच ना?" बाईंनी विचारले.

"मी... मी लिहून कळवतो," असे म्हणून मी छत्री उचलली.

"या वेळी नक्की ना, सर?" कीटकतज्ज्ञ मुलगी हसत म्हणाली. माझे कान गरम झाले.

घरी येऊन मी ताईला सगळे सांगितले. ती आधी ऐकत राहिली, मग हसत राहिली, मग पदराने डोळे पुसत राहिली.

"ठिगळ आधी आणि भोक नंतर! आणि हे तू छापलंस!"

"मी गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही," मी म्हणालो.

"मग बस गप्प."

ती रागावेल असे वाटले होते. ती शेंगा सोलू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला ती गोष्ट कधी आवडलीच नाही. एवढ्या चित्रांत एक माणूस सुखानं चार घास खात नाही. आता दुसऱ्या टोकाकडून सांग बघू."

"आत्ता?"

"नाही तर काय, पुढच्या जन्मी?"

मी सुरुवात केली. एक नावाडी नावेत एकटा बसला आहे. काठावर एक मुलगी पाठमोरी चालली आहे... इथे मी अडखळलो. इतकी वर्षे मी तिला निघून जाताना पाहत आलो होतो. ती निघून जात नव्हती. तिने अजून वळून पाहिले नव्हते, एवढेच.

"पुढे?"

"पुढे भांडण."

"ओळख होताना होतंच. बहुतेक नदीपार नेण्याचे पैसे जास्त मागितले असतील मेल्यानं. मग?"

"मग आग. तो तिला बाहेर काढतो, बाही जळते. मग लग्न."

"ठिगळ कुणी लावलं?"

मी आठवून पाहिले. आगीच्या चित्रात मुलीचा झगा निळा होता. अगदी तोच निळा.

"तिनं," मी म्हणालो. "स्वतःचा झगा कापून."

ताईचे हात शेंगांवर थांबले. "हे लिही की रे," ती म्हणाली. "ही गोष्ट मी वाचीन."

त्या संध्याकाळी 'स.न.वि.वि.'च्या पुढे पेन गेले. लिहिले की चित्रे उलट्या टोकापासून लावावीत. का, तेही लिहिले. बोगद्याचे, काजळीचे आणि ठिगळाचे. फलकावरचे वाक्य काढावे, कारण नदी वाहत राहिली असली तरी तो आता गोष्टीचा शेवट नाही. मी पुन्हा चुकत असेन, तसे असल्यास न संकोचता कळवावे. या वेळी उत्तर लगेच देईन. नवी गोष्ट लिहून पाहतो आहे. जमेलच असे नाही.

सकाळी टपालपेटीपर्यंत ताई बरोबर आली. म्हणाली, वाटेतून परत फिरशील, तुझा काय भरवसा. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून मी जरा थांबलो. पत्ता पुन्हा वाचला. तिकीट नीट चिकटले आहे का ते दाबून पाहिले.

"आता त्याला फुंकर घालणार आहेस का?" ताई म्हणाली.

मी हात सोडला.