डोळ्यांची आखणी

“हलू नको रे आबा,” धनेश म्हणाला आणि काढलेला कान खोडून पुन्हा काढायला लागला.

“हललो कुठं? दगडासारखा तर बसलोय.”

“दगडाला बोलता येत नाय.”

ओटीच्या भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून त्याचा बाप, कान्हूआबा, बसला होता. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. टाचांच्या भेगांत अजून मीठ असेल, असं आय चेष्टेनं म्हणायची. धनेशने टोपी काढली, कपाळ काढलं, नाक काढलं. डोळ्यांची जागा मात्र कोरी ठेवली. डोळे शेवटी, हा त्याच्या हाताचा नेमच होता. पेणच्या कारखान्यात तो गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. अंगरंग झाला, सोंड झाली, दागिने झाले की मूर्ती त्याच्या पुढ्यात यायची आणि तो श्वास धरून डोळे उघडायचा. कुठूनही बघा, देव तुमच्याकडेच बघतो, असं मालक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचा. ते डोळे धनेशचे.

हंगाम संपला की मात्र हात शिवशिवायचे. बायको मृणाली धाटावच्या एका कंपनीत कामाला, म्हणून बिऱ्हाड रोह्याजवळच्या वरशाला. मग हा गडी वही घेऊन रोहाभर हिंडायचा. स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसं, नदीवरच्या अष्टमी पुलावर गार वारा खात उभी असलेली म्हातारी, पहिल्या शिफ्टला निघालेली पोरं, भाजीवाल्या, न्हावी, सगळी त्याच्या वहीत येऊन बसली होती. लोक खूश व्हायचे. आपण इतके देखणे आहोत हे कित्येकांना त्याच्याकडूनच कळलं.

नापसंती दाखवली ती फक्त सुजयसरांनी. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रोह्यातल्या वाचनालयात ‘आपली माणसं’ नावाच्या प्रदर्शनाचा घाट त्यांनीच घातला होता. सगळी चित्रं टेबलावर पसरून त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले,

“धनेशभाऊ, रागावू नका. पण तुमचा न्हावीही देवासारखा बघतो आणि भाजीवालीही देवासारखीच बघते. सगळ्यांना एकच डोळे! अहो, तुम्ही माणसाच्या डोळ्यांत बघताच कुठं? एक तरी माणूस माणसासारखा बघू दे. दारासमोर लावतो ते चित्र.”

धनेशला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला तो लहानपणापासून बुजायचा. डोळ्यांपाशी आला की पेन्सिल आपोआप सराईत वळणं घ्यायची आणि मोकळी व्हायची. म्हणून त्याने मनाशी ठरवलं, आबाचंच चित्र काढायचं. सरांना दाखवायला तर खरंच, पण त्याहून जास्त आबाला दाखवायला. बापाने एकदा तरी “चांगलं काढलंस” म्हणावं, एवढ्यासाठी तो वर्षानुवर्षं चित्रं घेऊन गावी येत होता. आबा कागद हातात घ्यायचा, तोंड अंगणाकडे करायचा, “हूं” म्हणायचा आणि कागद परत द्यायचा. बस्स. मिठागर सोडून हा कारखान्यात गेला तेव्हा आबा म्हणाला होता, “चिखलात मीठ पिकवायचं सोडून चिखलाचे देव करतोय.” तो राग म्हाताऱ्याच्या मनातून गेलेला नाही, अशी धनेशची खात्री होती.

आय चहा घेऊन आली. धनेशचा कप तिने त्याच्याजवळ खाली ठेवला. आबाचा मात्र त्याच्या हातात दिला, बोटं कपाभोवती नीट बसवून.

“गो आये, ही दोरी कुणी बांधलीय?” धनेशने विचारलं. सकाळी हातपाय धुवायला जाताना ती त्याच्या पोटाला आडवी लागली होती. ओटीच्या खांबापासून शेवग्याला वळसा घालून थेट न्हाणीपर्यंत गेली होती.

“मीच. कपडे वाळत घालायला.”

“इतकी खाली?”

“वर हात पोचत नाय आता.”

“पुढच्या खेपेला खिळे वर ठोकून देतो.”

“बघू,” ती म्हणाली आणि टोपली काखेला मारून शेजारी सुकट घ्यायला गेली. दोरीवर एकच पंचा होता.

आता डोळेच राहिले होते. धनेशने पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा केलं. मग सरांचा शब्द आठवून मान वर केली आणि बापाच्या डोळ्यांत बघायला लागला. आधी संकोच वाटला. मग वाटलं, हे डोळे आपण कधी पाहिलेच नाहीत. बुबुळाच्या कडेला निळसर झाक, पापण्या उन्हानं खाल्लेल्या. ऊन कागदावर आलं म्हणून तो स्टूल उचलून डाव्या हाताला जाऊन बसला.

“किती वेळ रे लावतोस?” आबाने विचारलं. स्टूल मघाशी होतं तिकडे बघून विचारलं.

धनेश पुढे वाकला. त्याने पेन्सिल आबाच्या डोळ्यांसमोर धरली आणि हळूच इकडून तिकडे नेली. पापणी हलली नाही.

“थांबलास का?”

“नाय. काढतोय.”

“थांबलास. पेन्सिल ऐकू येते मला. एरवी वहीत तोंड घालून बसतोस तेव्हा नुसतं सरसर चाललेलं असतं. आज थांबलास.”

धनेशने पेन्सिल मांडीवर ठेवली. मग धनेशने विचारलं, “आबा, कधीपासून?”

म्हातारा उगाच हसला. “कमी कमी होत गेलं. आता उजेड तेवढा कळतो. थोडं दिसत होतं तेव्हाच, तुझी आय माहेरी गेली असताना अलिबागला जाऊन आलो एकटाच. डोळ्यांची शीर सुकली म्हनला डॉक्टर. परत येत नाय म्हनला.”

“मी चित्रं दाखवायचो, तेव्हा?”

“आधी आधी रेघा दिसायच्या थोड्या. मग नुसता पांढरा कागद.”

“मग चांगलं हाय म्हणायला काय झालं होतं रे? तेवढं तरी म्हणायचंस!”

“न बघता कसं म्हनू?” आबा म्हणाला. “तू मन लावून काढलेलं. त्याला खोटं कसं बोलू?”

इतकी वर्षं बापावर धरलेला राग आता कुठं नेऊन ठेवावा, हे त्याला कळेना. त्याने मान खाली घातली आणि डोळे काढले. जसे होते तसे, कुठेच न पोचणारे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून कुणाचे तरी खरे डोळे उतरले होते.

“कसे काढलेस?” आबाने विचारलं.

“हायेत तसे.”

“मग ते वाचनालयात लावू नको. तुझी आय येणार हाय बघायला.” आबाचा आवाज खाली आला. “तिला ठाऊक नाय. कळलं तर तुझ्या भावाला, विशालला सांगंल, आनी तो दोघांना उचलून पनवेलच्या फ्लॅटात नेऊन बसवंल. चार दिवस राहिली तर जीव घाबरा झाला होता तिचा. हे घर सुटलं तर ती जगायची नाय. तू बोलू नको.”

“नाय बोलणार,” धनेश म्हणाला. त्याने कागद गुंडाळून पिशवीत ठेवला.

वरशाला परत आल्यावर त्याने दुसरा कागद घेतला. टोपी, कपाळ, नाक सगळं पहिल्यासारखंच उतरलं. डोळ्यांपाशी आल्यावर त्याने हात सैल सोडला. लांबट पापण्या, स्थिर बुबुळं, कुठूनही बघा, तुमच्याकडे बघणारी.

प्रदर्शनाच्या दिवशी सुजयसर त्या चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली.

“पुन्हा तेच की हो! वडील समोर बसलेले असताना सुद्धा?”

“जमलं नाही, सर,” धनेश म्हणाला. त्याला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तितकं नाही. सरांनी चित्र दारासमोर न लावता आतल्या भिंतीवर लावलं.

दुपारी मृणाली आयला स्टेशनावरून घेऊन आली. आबा आला नव्हता. त्याला म्हणे आगरावर काम होतं. आयने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती एकेका चित्रापुढे थांबत, भाजीवालीला नावं ठेवत, न्हाव्याला हसत हसत आत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मृणाली पाणी आणायला गेली तशी तिने धनेशला जवळ बोलावलं.

“डोळे बरोबर काढलेस हां.”

“ते तर गणपतीचे डोळे हायेत, आये. सगळे तेच म्हणतात.”

“म्हणू दे. आपल्याकडं बघतोय असं वाटतं, पन बघत कुठंच नसतो.” तिने पदराने कपाळ पुसलं. “हल्ली असाच तर बघतो तुझा आबा.”

धनेशने तिच्याकडे पाहिलं. या वेळी नजर खाली गेली नाही, आणि तिनेही वळवली नाही.

“त्याला वाटतं मला कळत नाय. वाटू दे,” ती म्हणाली. “विशालच्या कानावर घालू नको. पनवेलला नेला तर त्याच्या हाताला तिथलं कायच ठाऊक नाय. घरी सगळं हाताखालचं हाय.”

मृणाली पाण्याची बाटली घेऊन येताना दिसली. आयने आवाज नेहमीसारखा केला.

“आनी धनेश, त्या दोरीचे खिळे वर ठोकायचे नाय हां. हाय तिथंच बरी हाय.”